तुटलेली क्रँक धुऊ नका

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा इंजिनातला वळणावळणाचा दांडा, म्हातारी होऊन तुटत नाही. ट्रकमालक माझ्या क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात येतात, पोत्यात गुंडाळलेले दोन तुकडे बाकावर ठेवतात आणि म्हणतात, "पाच लाख किलोमीटर झाले होते, कधीतरी जाणारच होती." मी दर वेळी त्यांना खाली बसवतो आणि कागदावर एक हिशोब करून दाखवतो.

आपल्याकडच्या ट्रकांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेलं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०२ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १२०. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर भरतं. डिझेल पेटल्यावर आतला दाब १४० बारपर्यंत चढला असं धरलं, तर एका पिस्टनवर क्षणभर साडेअकरा टनांहून जास्त जोर येतो. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकच्या पिनवर, म्हणजे रॉड जिथे बसतो त्या गोल भागावर, उतरतो. १८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, मिनिटाला ९०० वेळा पेटतो, म्हणजे तासाला ५४ हजार वेळा. एक कोटी ठोके व्हायला लागतात जेमतेम १८५ तास. रोज आठ तास गाडी चालली, तर महिना भरायच्या आत.

हा एक कोटीचा आकडा महत्त्वाचा आहे. पोलादाचा नमुना एखाद्या ताणाखाली साधारण एवढ्या फेऱ्या टिकला, तर त्या ताणाला तो पुढेही टिकेल असं धातुशास्त्रात धरून चालतात. क्रँकचं डिझाइन याच हिशोबानं होतं. म्हणजे जी क्रँक मुळातच कमकुवत होती, ती पहिल्या काही महिन्यांतच उघडी पडते. पाच लाख किलोमीटर निमूट चाललेली क्रँक त्यानंतर तुटली, तर मधल्या काळात काहीतरी बदललेलं असतं. कुठेतरी ताण वाढला असेल, किंवा क्रँकच्या अंगावर कुठेतरी ओरखडा, भाजल्याचा डाग, अणकुचीदार कोपरा तयार झाला असेल. ते काय होतं हे न शोधता नवी क्रँक बसवली, तर ती त्याच वाटेनं जाते. पहिली पाच लाखांवर गेलेली असते, दुसरी पन्नास हजारांवर जाते, आणि मग मालक नव्या क्रँकच्या कंपनीला शिव्या देतो.

आपल्या भागात क्रँकचं कौतुक असायला हवं, इतकं तिचं काम इथे होतं. १९६१ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जनं घडवलेल्या क्रँक जगभरच्या ट्रकांत फिरतात. लालबुंद तापलेलं पोलाद साच्यात दाबून घडवलं, की धातूचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात. सरळ दांडा कापून केलेल्या क्रँकमध्ये ते जागोजागी तुटलेले राहतात. इकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर इंजिनाचा असा एकही भाग नसेल, जो घासून, बोअर करून, भरून किंवा नव्यानं ओतून मिळत नाही. एवढं कौशल्य हाताशी असताना तुटलेल्या क्रँकची तपासणी मात्र आपण करत नाही. मोडीत किलोवर घालतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून पहिली विनंती. तुटलेली क्रँक धुऊ नका. वायर ब्रश मारू नका. दोन तुकडे एकमेकांत बसतात का, हे बघायचा मोह प्रत्येकाला होतो. तेही करू नका. त्या तुटलेल्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं आणि एकदा घासलं गेलं, की परत मिळत नाही. वर थोडं स्वच्छ ऑइल लावायचं, दोन्ही तोंडं वेगवेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची आणि घेऊन यायचं.

तोंडावर काय दिसतं? बहुतेक वेळा दोन वेगळे भाग. एक गुळगुळीत, काळपट, बारीक रेषांचा. दुसरा खरबरीत, चमकदार, साखरेसारखा दाणेदार. गुळगुळीत भागावरच्या वक्र रेषा म्हणजे तळ्याचं पाणी ओसरत जाताना काठाच्या चिखलावर टप्प्याटप्प्यानं राहतात तशा. प्रत्येक रेषा सांगते की तडा इथपर्यंत आला होता, थांबला, मग पुन्हा पुढे सरकला. गाडी भरून गेली, रिकामी आली, रात्रभर उभी राहिली, ते सगळं त्यात उमटतं. या रेषा ज्या बिंदूभोवती वळतात, तिथून तड्याची सुरुवात. दाणेदार भाग शेवटचा. उरलेलं पोलाद ज्या क्षणी भार पेलू शकलं नाही, त्या क्षणी एका दमात तुटलेला. हा शेवटचा भाग लहान असेल, तर क्रँकवर एरवी भार बेताचाच होता. मोठा असेल, तर भार मुळातच जास्त होता.

या चमकदार भागामुळे एक जुना गैरसमज अजून जिवंत आहे. "बघा, लोखंड आतून दाणेदार झालं होतं, मालच खराब." दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले भले भले इंजिनिअर हेच म्हणत. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या काळात समजूत अशी होती, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची जात बदलते, ते स्फटिकासारखं होतं. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरनं तुटलेले आस तपासून दाखवलं, की तडा आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून सुरू होतो आणि हळूहळू आत जातो. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि थकव्याचं शास्त्र उभं केलं. कोपरा गोल ठेवा, हा रँकिनचा सल्ला आज १८० वर्षांनंतरही क्रँक ग्राइंडिंगच्या प्रत्येक दुकानात लागू आहे. तो किती दुकानांत पाळला जातो, याकडे मी पुढे येणारच आहे.

तड्याची सुरुवात सापडली, की दिशा बघायची. क्रँकला दोन तऱ्हांनी त्रास होतो, वाकण्याचा आणि पिळण्याचा. वाकण्यानं तुटलेली क्रँक पिन आणि तिच्या बाजूचा आडवा हात, म्हणजे वेब, यांच्या कोपऱ्यातून, म्हणजे फिलेटमधून, तडकायला लागते आणि तडा वेब आडवा कापत मेन जर्नलच्या, म्हणजे क्रँक ब्लॉकमधल्या बेअरिंगवर फिरते त्या गोल भागाच्या, कोपऱ्याकडे जातो. अशी क्रँक दिसली, की मी मेन बेअरिंगची लाइन (ती सगळी एका रेषेत आहेत का), ब्लॉकचे बोअर आणि ग्राइंडिंगचे कोपरे यांच्याकडे संशयानं बघतो. पिळण्यानं तुटलेली क्रँक पिनवर तिरपी, जवळजवळ ४५ अंशांत तुटते, आणि सुरुवात बरेचदा ऑइलच्या भोकाच्या काठावर असते. तिथे पहिला प्रश्न डॅम्परचा.

डॅम्परबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ट्रकच्या इंजिनातला इतका दुर्लक्षित भाग दुसरा नाही. पुढच्या पुलीजवळचं ते जड चाक अनेक फिटर निव्वळ पुली समजतात. सहा सिलिंडरची क्रँक लांब असते, आणि दर ठोक्याला ती किंचित पिळली जाते आणि सुटते. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्यामुळे ते टोक जवळजवळ स्थिर राहतं, पुढचं टोक मात्र मागे-पुढे थरथरतं. विशिष्ट आरपीएमला या थरथरीची इंजिनाच्या ठोक्यांशी लय जुळली, की पीळ अनेक पटींनी वाढतो. तो शोषून घ्यायला पुढच्या टोकाला डॅम्पर लावतात. रबराच्या डॅम्परमध्ये बाहेरची कडी रबराच्या थरावर बसवलेली असते. दुसऱ्या प्रकारात बंद डब्यात जड कडी असते आणि भोवती दाट सिलिकॉनचं द्रव. थरथर होते पुढच्या टोकाला, पण पिळाचा सगळ्यात जास्त ताण येतो मागे, फ्लायव्हीलच्या बाजूच्या पिनांवर. त्यामुळे बिघडलेला भाग रेडिएटरजवळ आणि तुटलेला भाग गिअरबॉक्सजवळ, असं होतं. दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही.

रबर तडकलं, फुगून बाहेर आलं, बाहेरची कडी मागे-पुढे सरकली, हे डोळ्यांना दिसतं. काही डॅम्परवर आतल्या आणि बाहेरच्या भागावर जुळणाऱ्या खुणा असतात. त्या सरकल्या असतील तर डॅम्पर गेला. सिलिकॉनचा डॅम्पर जास्त फसवा. आतलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं गोठून घट्ट होतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. त्यावर हातोडीचा एक फटका बसून पोचा पडला, तरी आतली कडी अडकते. पट्टा बदलताना पहारीनं उचकटणारे हात मी पाहिले आहेत आणि त्या त्या वेळी थांबवलेही आहेत.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. साखर घेऊन आंबा घाट उतरताना एका ट्रकचं इंजिन बंद पडलं. टोचन करून गाडी आणली, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडला, तर क्रँक सहाव्या पिनवर तुटलेली. मालक माझ्याकडे तुकडे घेऊन आले ते निकाल लावूनच. "पोरानं घाटात खालचा गिअर टाकून गाडी ताणली. त्याच्या पगारातून कापणार हाय." ड्रायव्हर पोरगा बाहेर टेम्पोजवळ उभा होता, आत यायलाही तयार नव्हता.

आरोप अगदीच हवेतला नव्हता. उतारावर खालचा गिअर पडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, चाकांना रोखू शकत नाही. इंजिन मर्यादेपलीकडे फिरू शकतं. पण तसं झालं तर त्याच्या खुणा राहतात. व्हॉल्व्ह वेळेत बसत नाहीत, पिस्टनच्या माथ्यावर आपटतात, व्हॉल्व्हला ढकलणारे पुशरॉड वाकतात. मी मालकांना म्हटलं, "दादा, पिस्टन, पुशरॉड, सगळे शेल आणि डॅम्पर घेऊन या. शेलवर नंबर टाकलेले नसतील, तर गॅरेजवाल्याला आठवत असेल तसे टाकायला सांगा. तोवर पोराच्या पगाराला हात लावू नका."

(शेल म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या.) दुसऱ्या दिवशी सगळं आलं. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हची एकही खूण नव्हती. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले, सरळ. क्रँकचं तोंड तिरपं, सुरुवात ऑइलच्या भोकाच्या काठावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग ऑइलनं काळा पडलेला, घासून गुळगुळीत झालेला. त्या रात्री घाटात तुटलेला भाग तेवढा चमकत होता. काळा भाग तयार व्हायला बराच काळ गेलेला होता. तडा कितीतरी खेपांपासून वाढत होता. डॅम्परचं रबर एका बाजूनं पूर्ण सुटलं होतं आणि बाहेरची कडी सरकून टायमिंग कव्हरला घासल्याची रेघ होती. पोराला आत बोलावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला की दोन-तीन आठवडे एका ठरावीक स्पीडला केबिनमध्ये वेगळीच थरथर यायची, त्यानं गॅरेजमध्ये सांगितलंही होतं, तर "माउंटिंग गेलं असंल" म्हणून सोडून दिलं. मालकांनी ते सगळं ऐकलं, डॅम्परवर बोट फिरवून पाहिलं आणि पगाराचा विषय तिथेच सोडला.

अशा किती पोरांचे पगार तपासणीविना कापले गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ड्रायव्हर हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात कमी बोलू शकणारा माणूस. दोष त्याच्यावर ढकलणं सोपं जातं.

आता आमच्या धंद्याकडे. क्रँक घासताना आम्ही दहा, वीस, तीस, चाळीस असे साइज घेतो, म्हणजे इंचाचे हजारांश. मेट्रिकमध्ये पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर. माप सगळे नीट घेतात, कारण माप चुकलं तर शेल बसत नाही. कोपऱ्याची गोलाई मात्र कुणी विचारत नाही. ग्राइंडिंगच्या दगडाची कड नीट ड्रेस केली नाही, तर जर्नल आरशासारखा दिसतो आणि कोपरा धारदार राहतो. त्या कोपऱ्यात ताण साठतो. घाईत जास्त फीड दिला किंवा कूलंट कमी पडलं, तर पृष्ठभाग क्षणभर भाजतो, लगेच थंड होतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या केसाएवढ्या भेगा पडतात. नायट्रायडिंग केलेल्या, म्हणजे नायट्रोजन मुरवून वरचा थर कठीण केलेल्या, क्रँकवर तर कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. घासून तो गेला तर पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं, आणि ते करायला कुणाकडे वेळ नसतो. हंगामाच्या तोंडावर प्रत्येकाला क्रँक "आज संध्याकाळी" हवी असते. वाकलेली क्रँक प्रेसवर दाबून सरळ करून देणं, झिजलेला जर्नल वेल्डिंगनं भरून देणं, ही दोन कामं मी घेत नाही. घेणारे आहेत, आणि अशा क्रँकचे तुकडे नंतर माझ्या बाकावर येतात.

घासण्याआधी आणि घासल्यानंतर क्रॅक टेस्ट करायलाच हवी. क्रँकला चुंबकत्व द्यायचं, लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं द्रव ओतायचं. जिथे भेग असेल तिथे पूड रेघ धरून चिकटते. काम झाल्यावर चुंबकत्व काढून टाकायला विसरायचं नाही, नाहीतर इंजिनातली प्रत्येक लोखंडी चुरी तीच क्रँक गोळा करते आणि बेअरिंग खाते. ही चाचणी स्वस्त आहे. एका टोचनच्या बिलात कितीतरी क्रँक तपासून होतील.

सगळ्यात चांगलं म्हणजे क्रँक तुटायच्या आत पकडणं. मेन बेअरिंगचा ठोका जड, खोल, भार पडला की वाढणारा. बिगेंडचा, म्हणजे रॉड क्रँकच्या पिनवर बसतो तिथल्या बेअरिंगचा, त्याहून तीक्ष्ण. जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनात एकेका नोजलच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपचं नट सैल करून तो सिलिंडर बंद करायचा. आवाज दबला, तर दोष त्याच सिलिंडरचा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, हे चुकूनही करू नये. तिथल्या पाइपात हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो, डिझेलची धार कातडीत घुसून हात कायमचा जातो. तिथे स्कॅनरनंच सिलिंडर बंद करायचे.

ऑइलकडे बघायची सवय लावावी. नोजल गळत असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. "आमची गाडी ऑइल खातच नाही" म्हणून खूश असलेल्या मालकांना मी डिपस्टिकचा वास घ्यायला लावतो. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघावा. चुंबकाला चिकटणारी चुरी लोखंडाची, न चिकटणारी तांबूस किंवा राखाडी चुरी बेअरिंगची. राखाडी म्हणजे वरचा मऊ थर जातोय, तांबूस म्हणजे तो थर संपून खालचं तांबं उघडं पडलं. बरेच दिवस एक सिलिंडर नीट पेटत नसेल, तर तेही डिझेलच्या सरासरीपुरतं बघून सोडू नये. ठोके असमान झाले की क्रँकचा पीळ वाढतो.

क्रँक तुटली तरी इंजिन लगेच बंद पडेलच असं नाही, हे अनेकांना पटत नाही. तिरप्या तुटलेल्या तोंडांचे दात एकमेकांत अडकून राहतात, गाडी आवाज करत, ओढ कमी झालेली, तशीच पुढे चालत राहते. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, अशा वेळी स्कॅनरवर क्रँक आणि कॅम सेन्सरचा मेळ जुळत नाही असा कोड येऊ शकतो. सेन्सर बदलतात, वायरिंग बदलतात, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून पाठवतात. त्याआधी एक साधी गोष्ट करावी. एकानं पुढच्या पुलीवर खडूची खूण करून बघत राहावं, दुसऱ्यानं फ्लायव्हील पान्यानं हळूहळू फिरवावं. फ्लायव्हील हललं आणि पुली उशिरा हलली किंवा हललीच नाही, तर सेन्सरचा दोष नाही.

इंजिन उघडल्यावर शेल क्रमानं मांडून बघण्यात अर्धा तास घालवावा. मेनचा भार खालच्या शेलवर येतो, बिगेंडचा वरच्या. मधल्या मेनचे खालचे शेल जास्त घासले आणि टोकांचे तसेच राहिले, तर ब्लॉक किंवा क्रँक वाकलेली आहे. नवी क्रँक टाकण्याआधी लाइन बोअर तपासायलाच हवी. थ्रस्टचा शेल, म्हणजे क्रँकला मागे-पुढे सरकू न देणारा, एकाच बाजूनं खाल्लेला असेल, तर क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय किंवा क्लचचीच बिघडलेली सेटिंग शोधावी.

आणि ऑइल कूलर. बेअरिंग फिरलेलं इंजिन नवं करताना ब्लॉक धुतात, गॅलरी, म्हणजे ऑइलच्या वाटा, फुंकतात, फिल्टर नवा टाकतात, पण जुना कूलर तसाच परत बसवतात. त्याच्या अरुंद वाटांमध्ये जुन्या शेलची चुरी अडकून राहते आणि इंजिन गरम झालं की सुटून सरळ नव्या जर्नलवर येते. आंबा घाटातल्या त्या ट्रकला नवी क्रँक, नवे शेल, नवा डॅम्पर आणि नवा कूलर, असं सगळं एकदम टाकायला लावलं. मालकांनी कूलरच्या किमतीवर बराच वेळ घासाघीस केली, शेवटी घेतला.